काँक्रीटचा लेप आणि विजेची परीक्षा

मंदिराच्या जीर्णोद्धारास सढळ हाताने मदत करणाऱ्या देणगीदारांच्या व ग्रामस्थांच्या मनात एक प्रश्न येणे साहजिक आहे. स्लॅबवर लेप दिला म्हणजे पाणी खरोखरच अडते काय? या प्रश्नाचा इतिहास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घडला. तो थोडक्यात सादर करीत आहे.

तेथील सान फ्रान्सिस्को उपसागरावर सन १९२९ मध्ये सान माटेओ-हेवर्ड हा लांबलचक पूल झाला. खाऱ्या पाण्याने त्याच्या काँक्रीटमधील सळया गंजू लागल्या. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट तडकते व खपल्या निघतात. राज्याच्या महामार्ग खात्यातील रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी सन १९५० नंतरच्या दशकात या पुलाचा अभ्यास केला. गंजण्याच्या क्रियेत सूक्ष्म वीज वाहते. तेव्हा विजेच्याच मापाने, काँक्रीट न फोडता, गंजाचा सुगावा घेण्याची रीत त्यांनी पुढे आणली.

पुढे पुलांवर पाणी अडविणारे लेप देऊ लागले. परंतु वरून अखंड दिसणाऱ्या लेपात बारीक छिद्रे आहेत की नाहीत, हे ओळखावे कसे? सन १९७१ मध्ये स्पेलमन व स्ट्रॅटफुल यांनी त्यासाठी विजेची पद्धत मांडली. पृष्ठभाग ओला करावयाचा, त्यावर ओला स्पंज व तांब्याची पट्टी ठेवावयाची. मापकाची एक तार पट्टीला आणि दुसरी आतील सळईला जोडावयाची. लेप धड असेल तर विजेला मोठा अडथळा होतो. छिद्र असेल तर पाण्याच्या वाटेने वीज आत शिरते व अडथळा कमी दिसतो. जेथून ओल शिरते तेथून वीजही शिरते, हे त्यातील मर्म होय.

सन १९८१ मध्ये डेव्हिड व्हायटिंग यांनी प्रयोगशाळेतील पद्धत दिली. काँक्रीटच्या सुमारे ५० मिलिमीटर जाडीच्या चकतीस ६० व्होल्टचा दाब ६ तास द्यावयाचा. जितकी वीज कमी जाईल, तितके काँक्रीट घट्ट.

आपल्या शेजारी गोव्यात मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. आतील पोलादी तारांना गंज चढला होता. बाहेरचा रंग पाहून आतील लोखंडाची पारख होत नाही, हेच यावरून दिसते. म्हणून लेपाचे बिल चुकते करण्यापूर्वी त्याची परीक्षा अवश्य करून घ्यावी. देणगीदारांचा पैसा सार्थकी लागो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.