हाफकिनची लस, हिंजवडीची लस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याहून पौड रस्त्याने निघालं की पिरंगुट, पौड मागे पडतं, मुळशीचं धरण लागतं आणि पुढे ताम्हिणीचा घाट. पावसाळ्यात आपण तिथे धबधबे पाहायला जातो. पण त्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर रात्री कुणाला साप चावला, तर पौडचा रस्ता किती लांब असतो, ते तिथल्या माणसालाच ठाऊक! याच मुळशी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी आहे. तिथल्या जिनोव्हा कंपनीच्या कोविडवरील लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. 'एमआरएनए' तंत्राने भारतात विकसित झालेली ही पहिली लस. एकाच तालुक्याची ही दोन टोकं. प्रयोगशाळा आणि वाडी यांच्यातलं हे अंतर कसं कापायचं, हा प्रश्न मात्र जुना आहे.

श्रोतेहो, सव्वाशे वर्षं मागे जाऊ या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला मुंबईत बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत ते कामाला लागले. पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्यांच्याखाली प्लेगचे जंतू लोंबत वाढायचे. मग ते उष्णतेने मारायचे, की लस तयार. आपल्या घरातलं साधं तूप असं विज्ञानाच्या कामी आलं. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

तोवर साथ पुण्यात पोहोचली होती. रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. सरकारने मात्र रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत घुसवले. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण त्यातला आरोग्याचा धडा आपण फारसा शिकलो नाही. सावित्रीबाई माणसं वाचवायला आल्या होत्या, सोजीर माणसं पकडायला. ज्या सरकारचा दवाखाना गावाने एरवी कधी पाहिला नाही, त्या सरकारची सुई साथीच्या दिवसांत विश्वासाची कशी वाटावी?

दुसरा धडा १९०२ चा. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. पुढे उलगडलं ते असं, की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. प्रयोगशाळेतलं काम चोख असूनही शेवटच्या हाताला नीट प्रशिक्षण नसेल, तर काय होतं, ते इथे दिसलं.

विज्ञानावरचा खर्च लगेच फळ देत नाही. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं, ती प्लेगसाठी सुरू झाली आणि पुढे सर्पदंशावरच्या औषधापर्यंत गेली. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघालं, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथे वर्षानुवर्षं माणसं डास, गोचिडी आणि रक्ताचे नमुने तपासत बसली. हा खर्च कशाला, असं कुणालाही वाटलं असतं. पण २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू याच संस्थेने वेगळा केला आणि त्यातूनच कोव्हॅक्सिन उभी राहिली. विहीर आधीच खणलेली होती, म्हणून आग लागल्यावर पाणी मिळालं.

आता हिंजवडीकडे परत येऊ. या लशीत मारलेले जंतू नसतात. विषाणूचं एक प्रथिन कसं बनवायचं, एवढा निरोप ती आपल्या पेशींना देते. हा निरोप फार नाजूक. परदेशातली अशी एक लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. हिंजवडीची लस कोरड्या भुकटीच्या रूपात असल्यामुळे २ ते ८ अंशांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या फ्रीजमध्ये टिकते. तिच्या संशोधनाला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशाचं साहाय्य होतं.

पण तो फ्रीज चालू हवा, त्याला वीज हवी, शेजारी नर्स हवी आणि तिची जागा भरलेली हवी. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या ऐन काळातही, तो १.८४ टक्केच होता. त्या वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. शेतकऱ्याच्या घरात हा खिसा म्हणजे बहुधा गाय, दागिना किंवा जमिनीचा तुकडा.

मुळशीने शंभर वर्षांपूर्वी शेतं धरणाखाली घालून मुंबईला वीज दिली. सेनापती बापटांबरोबर तिथला शेतकरी त्याविरुद्ध लढला आणि हरला. आता त्याच तालुक्यातून लसही निघाली आहे. यावेळी तरी तिचा लाभ आधी दूरच्या शहराला आणि मग जमलं तर वाडीला, असं होऊ नये. हिंजवडीपासून ताम्हिणीच्या वाडीपर्यंतचं अंतर शास्त्रज्ञ एकटे कापू शकत नाहीत. ते कापायचं काम अंदाजपत्रकाचं आहे, आणि अंदाजपत्रकाचा हिशेब विचारायचं काम आपलं.