गवत कापायचं मशीन ऐन पावसाळ्यात का जळतं?

कोल्हापुरात जूनचा पाऊस लागला की बघता बघता परसात गुडघाभर गवत उभं राहतं. मग विजेवर चालणारा ग्रास कटर बाहेर निघतो आणि तासाभरात जळका वास सोडून बंद पडतो. दोष कंपनीचा की आपला? बऱ्याचदा दोघांचाही.

मोटर तापते कशी?

ओलं गवत जड असतं आणि कटरच्या फिरत्या डोक्याला गुंडाळतं. मोटरचा वेग मंदावतो आणि ती जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला की वायंडिंगमधली उष्णता चौपट होते. त्यात मोटर गार ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, म्हणजे वेग घटला की वाराही घटतो.

वायंडिंगच्या तारेवर इन्सुलेशनचा पातळ थर असतो. 'बी' वर्गाचं इन्सुलेशन 130 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, 'एफ' वर्गाचं 155 पर्यंत. ढोबळ नियम असा, की मर्यादेपुढे दर 10 अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. थर जळाला की तारा एकमेकींना भिडतात आणि मोटर शॉर्ट होते.

स्वस्तात काय कमी केलेलं असतं?

कधी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. तेवढ्याच जाडीला तिचा रोध सुमारे 1.6 पट, म्हणून ती जास्त तापते. कधी बेअरिंगच्या जागी साधा बुश असतो, तर कधी तापल्यावर मोटर आपोआप बंद करणारा कटऑफच नसतो.

घेताना काय बघाल?

- प्लेटवर 'एस 1' असेल तर मशीन सतत चालवता येतं. 'एस 2 30 मिनिटं' असेल तर अर्ध्या तासाने पूर्ण थंड होऊ द्यावं लागतं.
- कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का?
- सुटे भाग आणि सर्व्हिस जवळपास मिळते का?

वापरताना

- उंच गवत एकदम बुंध्याशी कापू नका, वरून थोडं थोडं कापा.
- गार्ड काढू नका. त्यावरचं पातं नायलॉनची दोरी मापात ठेवतं. दोरी लांबली की मोटरवर लोड वाढतो.
- एक्स्टेंशनची वायर रिळावरून पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर तापते.
- हवेच्या जाळीतलं गवत काढत राहा.
- पाऊस चालू असताना वापर टाळा. लाईनवर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. मोटर जळली तर पैसे जातात, शॉक बसला तर जीव जातो.

जळलंच तर?

शिवाजी उद्यमनगरात मोटर भरून देणारे कारागीर मिळतील, पण वॉरंटी असेल तर मशीन आधी उघडू नका. बिल आणि फोटो जपून ठेवा. विक्रेत्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगातही 2 वर्षांच्या आत जाता येतं, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही.