सिंड्रेलाचा गाऊन निळा कुणी केला? पोशाख हे इतिहासाचं साधन म्हणून वाचताना

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘थीम पार्कमधील राजकन्यांचे पोशाख काळानुरूप बदलत गेले.’ गाइड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: ‘कोणी बदलले?’ वाक्य वाचायला बरं वाटतं, पण त्यात माणूसच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. काळ काही कात्री हातात घेऊन बसत नाही. त्या दोन शब्दांमुळे माझा प्रश्न कसा बदलला, ते आज सांगते. पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर उपयोग होईल.

विषय थोडक्यात असा. डिस्नेच्या पार्कांमध्ये सिनेमातल्या राजकन्या प्रत्यक्ष भेटतात. त्यांचे पोशाख दर काही वर्षांनी नव्याने डिझाइन होतात आणि लगेच चर्चा सुरू होते की नवा पोशाख ‘मूळ’ सिनेमासारखा आहे की नाही. मीही तिथूनच सुरुवात केली. सिनेमा म्हणजे मूळ, पार्क म्हणजे नक्कल, आणि माझं काम म्हणजे दोन्हींतला फरक मोजणं.

‘मूळ’ शोधायला गेलं की काय होतं

सिंड्रेला घ्या. 1950 च्या सिनेमात तिचा नाचाचा गाऊन रुपेरी-पांढरा आहे. रात्रीच्या दृश्यांत त्यावर निळसर छटा येते, एवढंच. आज बाहुलीवर, दप्तरावर आणि पार्कातल्या सिंड्रेलाच्या अंगावर तो सरळ निळा दिसतो. मग मूळ रंग कोणता?

ऑरोराचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. ‘स्लीपिंग ब्यूटी’ 1959 मध्ये आला. त्यात एका परीला तिचा गाऊन गुलाबी हवा असतो आणि दुसरीला निळा. शेवटच्या नाचातही दोघींचं भांडण चालूच असतं आणि गाऊनचा रंग बदलत राहतो. महालातल्या प्रसंगांत मुख्यतः निळा दिसणारा हा गाऊन दुकानात आणि पार्कात मात्र ठाम गुलाबी झाला. म्हणजे सिनेमानेच जो प्रश्न उघडा ठेवला होता, तो बाजाराने मिटवून टाकला.

आणि सिनेमा आधी, पार्क नंतर, हा क्रम तरी पक्का आहे का? तोही नाही. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी सुरू झालं, तेव्हा त्यात स्लीपिंग ब्यूटीचा किल्ला उभा होता. सिनेमा यायला अजून चार वर्षं होती. शिवाय त्या पहिल्या दिवशीच्या मिरवणुकीसाठी पात्रांचे पोशाख आइस कपेड्स या बर्फावरच्या शोकडून उसने आणले होते. ते बर्फावर स्केटिंग करणाऱ्या आणि लांबून पाहिल्या जाणाऱ्या पात्रांसाठी बनलेले होते. पुढे बिल जस्टिससारख्या ॲनिमेटरांनी पार्कातल्या पोशाखांवर आणि मिरवणुकांवर स्वतंत्र काम केलं. थोडक्यात, पार्कातल्या पोशाखाची वंशावळ सरळ सिनेमाकडे जात नाही. त्यात एक फाटा तमाशबिनांच्या जगातूनही आलेला आहे.

इथे मी ‘मूळापासून विचलन’ हा शब्दप्रयोग खोडला. मूळ सापडत नसेल तर दर वेळी एकच विचारायचं: हा बदल कुणाच्या दबावाखाली झाला? मला तीन दबाव दिसले.

पहिला दबाव : दुकानाचं फडताळ

2000 च्या सुमारास नायकी सोडून डिस्नेच्या ग्राहकवस्तू विभागात आलेले अँडी मूनी फिनिक्स शहरात ‘डिस्ने ऑन आइस’चा शो बघायला गेले. रांगेतल्या मुली राजकन्येचे कपडे घालून आल्या होत्या, पण ते कपडे डिस्नेचे नव्हते. कुणी घरी शिवलेले, कुणी कुठून तरी जमवलेले. त्यातून ‘डिस्ने प्रिन्सेस’ हा एकत्रित ब्रँड उभा राहिला. पेगी ओरेनस्टीन यांच्या 2006 च्या गाजलेल्या लेखात आकडे आहेत: 2001 मध्ये विक्री 30 कोटी डॉलर, 2006 मध्ये 300 कोटी डॉलर.

आता पोशाखाच्या नजरेने बघा. तोवर प्रत्येक राजकन्या आपापल्या सिनेमात एकटी होती. आता सगळ्या एका खोक्यावर शेजारी-शेजारी उभ्या. दोघी निळ्या असून कसं चालेल? तीन वर्षांच्या मुलीला लांबूनच ओळख पटली पाहिजे. सिंड्रेला निळी, ऑरोरा गुलाबी, बेल पिवळी, ही वाटणी मी अशी वाचते. इथे रंग कथेतून आलेला नाही, शेजारणीपासून वेगळं दिसण्याच्या गरजेतून आला आहे. आणि मुलगी दुकानातला निळा गाऊन घालून पार्कात आली की समोरची सिंड्रेलाही निळीच लागते. नक्कल आणि अस्सल यांची इथे अदलाबदल होते.

दुसरा दबाव : पोशाखातलं माणूस

चित्रातल्या गाऊनला शिवण नसते, वजन नसतं, घाम तर नसतोच. पार्कातला गाऊन मात्र फ्लोरिडाच्या दमट उन्हाळ्यात घालायचा असतो. त्याला मुलं मिठी मारतात, चॉकलेटचे हात पुसले जातात. तो धुवावा लागतो, आणि एकच भूमिका वेगवेगळ्या अंगकाठीच्या मुली करतात. रॅपुन्झेलचे केस सिनेमात 70 फूट आहेत. पार्कात ती फुलं माळलेली लांब वेणी घालून येते. हा ‘बदल’ नव्हे, चालता यावं म्हणून केलेली तडजोड आहे.

या दबावाचे पुरावे फॅशनच्या पुस्तकांत नाहीत, कामगार इतिहासात आहेत. 2001 मध्ये फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या पात्र-कलाकारांनी टीमस्टर्स युनियनमार्फत एक मागणी मान्य करून घेतली. पोशाखाखाली घालायचे आतले कपडे प्रत्येकाला स्वतःचे मिळावेत आणि घरी नेऊन धुता यावेत. तोवर ते सामायिक होते आणि त्यातून उवा, खरजेसारखे त्रास झाल्याच्या तक्रारी होत्या. पुढे 18 मे 2024 रोजी कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या पात्र आणि मिरवणूक कलाकारांनी ‘ॲक्टर्स इक्विटी’ युनियनमध्ये जाण्याच्या बाजूने 953 विरुद्ध 258 असं मतदान केलं. त्यांच्या मुद्द्यांत सुरक्षितता, कामाचं वेळापत्रक आणि पोशाखांची स्वच्छता होती.

हे वाचलं तेव्हा मी थोडी खजील झाले. तोपर्यंत मी शेकडो फोटोंत बाह्या, गळा, कापडाची चमक नोंदवत होते. त्या बाह्यांत हात कुणाचा, हा रकानाच माझ्या तक्त्यात नव्हता.

तिसरा दबाव : बाहेरचा आवाज

11 मे 2013 रोजी ‘ब्रेव्ह’मधल्या मेरिडाला मॅजिक किंगडममध्ये समारंभपूर्वक राजकन्यांच्या यादीत घेतलं गेलं. त्याच वेळी तिचं नवं चित्र आलं: कंबर बारीक, केस चोपून बसवलेले, गाऊन चमचमता आणि धनुष्य गायब. ‘अ मायटी गर्ल’ने सुरू केलेल्या याचिकेवर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. सिनेमाच्या सहदिग्दर्शक ब्रेंडा चॅपमन यांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली.

इथे नवख्या संशोधकाचा पाय घसरतो, माझाही घसरला. मी लिहून टाकलं, ‘पार्कने मेरिडाचं धनुष्य काढलं.’ चूक! धनुष्य गेलं ते विक्रीसाठीच्या चित्रातून. त्या काळात पार्कात मेरिडा भेटायची तिथे मुलांना खेळण्यातला धनुष्यबाण चालवायला मिळायचा. एकाच कंपनीची, एकाच वर्षातली दोन साधनं परस्परविरोधी बोलत होती. कंपनी म्हणजे एक मेंदू नव्हे. कोणत्या विभागाचं साधन आहे, हे आधी बघा आणि मगच निष्कर्ष काढा.

टियानाची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. 2009 च्या सिनेमातली ही न्यू ऑर्लीन्सची मुलगी बहुतेक वेळ एकतर राबताना दिसते, नाहीतर बेडकीच्या रूपात. पार्कात मात्र तिची ओळख हिरव्या गाऊनमधली. 28 जून 2024 रोजी मॅजिक किंगडममध्ये ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ ही राइड सुरू झाली. वर्णभेदी प्रतिमांमुळे टीका झालेल्या सिनेमावर बेतलेल्या ‘स्प्लॅश माउंटन’च्या जागी ती आली. तिथली टियाना पँट आणि बूट घालून हिंडते आणि ‘टियानाज फूड्स’ नावाचा व्यवसाय चालवते. तो, राइडच्या कथेनुसार, कर्मचाऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था आहे.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. 18 मे 2024 ला कॅलिफोर्नियात पोशाख घालणाऱ्यांनी युनियनसाठी मतदान केलं. 28 जून 2024 ला फ्लोरिडात एक राजकन्या सहकारी संस्थेची प्रमुख म्हणून अवतरली. एकातून दुसरं घडलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण फक्त पोशाख बघणाऱ्याला दुसरीच तारीख दिसते, पहिली दिसत नाही. माझा प्रबंध आता या दोन तारखांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

मग तुम्ही काय करायचं?

अशा विषयात साधनांचा प्रश्न येतोच. कंपनीचं स्वतःचं अभिलेखागार 1970 पासून आहे, पण ते मुळात कंपनीच्या कामासाठी. त्यामुळे कुटुंबांचे जुने फोटो, जाहिराती, वर्तमानपत्रं आणि युनियनची कागदपत्रं यांवर भिस्त ठेवावी लागते. फोटोत राजकन्येशेजारच्या मुलाचं नाव घरच्या अल्बममध्ये लिहिलेलं असतं. राजकन्येच्या जागी उभ्या असलेल्या मुलीचं नाव कुठेच नसतं, कारण त्या क्षणी ती ‘सिंड्रेला’च असली पाहिजे, हाच तर त्या नोकरीचा करार. अभिलेखातली ही गैरहजेरी म्हणजे नोंद राहून गेलेली नाही, ती कामाच्या अटीतूनच तयार झालेली आहे.

म्हणून साधनांच्या तक्त्यात चार रकाने ठेवा: काय बदललं, कुणी ठरवलं, कुणाला दाखवण्यासाठी, आणि कुणी अंगावर वागवलं. तुमचा विषय पोलिसांचा गणवेश असो, नर्सची टोपी असो की शाळेचा स्कर्ट, हे चार रकाने चालतील. चौथा बहुतेक वेळा रिकामा राहील. तो रिकामाच ठेवा, पण काढून टाकू नका.

आणि हो, सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: ‘राजकन्यांचे पोशाख विक्री विभागाने, डिझायनरांनी, प्रेक्षकांनी आणि ते घालणाऱ्या कामगारांनी बदलले, आणि यांपैकी शेवटच्यांची नोंद सर्वांत कमी आहे.’ मॅडमनी या वेळी पेन्सिल उचलली नाही. फक्त म्हणाल्या, “आता शेवटच्यांकडे जा.”