पासवर्डपासून आप्तवचनापर्यंत

एकदाच पासवर्ड द्यायचा आणि अनेक दारं उघडायची, याला ‘सिंगल साइन-ऑन’ म्हणतात. ही युक्ती आली कुठून, ते आज पाहू.

१९६० च्या दशकाची सुरुवात. एमआयटीत (अमेरिकेतली बरं का, आपली कोथरूडची नव्हे) फर्नांडो कोर्बाटो यांच्या ‘सीटीएसएस’ यंत्रणेवर एकच संगणक अनेक जण वाटून वापरत. प्रत्येकाच्या फायली खाजगी राहाव्यात म्हणून पासवर्ड आला.

१९८३ मध्ये तिथेच ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. आता संगणक आवारभर विखुरलेले; टपाल एका यंत्रावर, फायली दुसऱ्यावर, छपाई तिसऱ्यावर. प्रत्येकाला पासवर्ड सांगायचा, तर तो तारेवरून उघडा जाणार. मध्येच कुणी ऐकला की संपलं!

यावर स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी ‘कर्बेरॉस’ रचला. नाव ग्रीक पुराणातल्या, पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं. मूळ कल्पना नीडहॅम आणि श्रोडर यांच्या १९७८ च्या निबंधातली.

रीत अशी. तुम्ही फक्त नाव सांगता. मध्यवर्ती सर्व्हर एक चिठ्ठी पाठवतो, पण कुलूपबंद. तुमच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीनंच ते कुलूप उघडतं. पासवर्ड तारेवर जातच नाही. मग ती चिठ्ठी दाखवून टपालाचं, छपाईचं वेगवेगळं तिकीट मिळतं. तिकिटं काही तासांत बाद होतात.

आता बघा, टपालाच्या यंत्रानं तुम्हाला स्वतः ओळखलेलंच नाही. ‘हा तोच’ असं तिसऱ्यानं सांगितलं, ते त्यानं मानलं. न्यायदर्शनात याला शब्दप्रमाण म्हणतात: आप्ताचं, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं वचन हेही ज्ञानाचं साधन. आज एखाद्या नव्या संकेतस्थळावर तुम्ही गूगलच्या खात्यानं शिरता, तेव्हा तंत्र वेगळं असतं, तत्त्व हेच.

फायदा उघड आहे. एकच पासवर्ड लक्षात ठेवायचा, म्हणून तो भक्कम ठेवता येतो. आणि नवख्या संकेतस्थळाच्या हाती तो पडत नाही. पण सगळा भार त्या एका आप्तावर. त्यानं खातं गोठवलं, तर सगळी दारं एकदम बंद. शिवाय तुम्ही कुठल्या दाराशी गेलात, हेही त्याला कळतं.

वात्स्यायन आप्ताकडून दोन गोष्टी मागतो: त्याला विषय खरोखर ठाऊक हवा, आणि जसं ठाऊक तसंच सांगण्याची इच्छा हवी. पहिलीचं काम गणितानं बरंचसं केलं. दुसरी मात्र कुठलंही गणित तपासू शकत नाही; ती आपणच पारखायची. निदान ज्या खात्यानं सगळं उघडतं, त्याला दुसरी पडताळणी आजच लावून ठेवा.