चोराने सोडलं, बाइंडरने कापलं

आमच्या वाचनालयातून बाइंडिंगला गेलेलं एक जुनं पुस्तक परवा हातात आलं. कडा कापून एकदम चकाचक. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी मात्र अर्ध्याच उरल्यात. तेव्हा डब्लिनचं 'बुक ऑफ केल्स' आठवलं.

इ.स. ८००च्या आसपासचं हे सचित्र हस्तलिखित, वासराच्या कातड्यावर लिहिलेलं. १००७ साली चोरीला गेलं, दोन-अडीच महिन्यांनी मातीखाली सापडलं. सोन्याचं वेष्टन तेवढं ओरबाडलेलं. चोराला चित्रांशी काय देणंघेणं! पण पानांच्या कडा कापल्या त्या एकोणिसाव्या शतकातल्या बाइंडरने, आणि त्यात नक्षीचेही तुकडे गेले. १९५३ मध्ये रॉजर पॉवेल यांनी ते चार खंडांत नव्याने बांधलं. कातडं दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आखडतं. बांधताना याचा विचार करावाच लागतो.

याउलट सेंट कथबर्ट गॉस्पेल. आठव्या शतकातली मूळ लाल चामड्याची बांधणी अजून शाबूत, म्हणून तेव्हा शिवण कशी घालत ते आजही अभ्यासता येतं. २०१२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने त्यासाठी ९० लाख पौंड मोजले.

वाचनालयाच्या पुढच्या सभेत विचारणार आहे: बाइंडरला 'कडा कापू नये' असं आपण लिहून देतो का?