मेंढ्या होत्या, मत नव्हतं

ऑस्ट्रेलियाच्या वसाहतकालीन इतिहासात एक माणूस वारंवार भेटतो: हजारो मेंढ्यांचा मालक आणि विधिमंडळाचा सदस्यही. असाच माणूस ब्रिटिश काळातल्या सोलापुरात शोधायला निघालात, तर हाती फारसं काही लागत नाही. मेंढपाळ नव्हते म्हणून का? छे! 1884 च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये धनगरांची नोंद आहे. पण ती जातींच्या वर्णनात.

कारण नियमांत सापडतं. 1919 च्या कायद्यानंतरही गावाकडचा मताधिकार मुख्यतः शेतसाऱ्यावर ठरायचा. कळप कितीही मोठा असो, नावावर पुरेशी जमीन नसेल तर मत नाही. दुसरीकडे 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलातली चराई सरकारी परवानगीवर नेली. गायरानं जंगल खात्यात गेल्याची तक्रार महात्मा फुल्यांनी 1883 मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली होती. म्हणजे चराईचे नियम ज्याच्या पोटावर येत, त्यालाच ते बदलण्यात वाटा नव्हता.

प्रौढ मताधिकारावरची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 मध्ये झाली. 1962 साली धनगर समाजातले गणपतराव देशमुख सांगोल्यातून पहिल्यांदा आमदार झाले. एकूण 11 वेळा निवडून आले.

तेव्हा विषय निवडताना एवढं लक्षात ठेवा: कागदांत एखादा माणूस दिसला नाही, म्हणजे तो नव्हता असं होत नाही. नोंद करणाऱ्याने त्याला कुठल्या रकान्यात बसवलं, ते आधी बघा. मतदार यादीत नसलेला मेंढपाळ चराई फीच्या दप्तरात भेटू शकतो.