गरोदरपणातील झोप आणि अंथरूण

गरोदरपणातील झोप आणि अंथरूण या विषयात गादी, उशी, पांघरूण व झोपण्याची स्थिती यांचा गर्भवतीच्या झोपेवर होणारा परिणाम अभ्यासला जातो. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झोप तुटक होणे ही बहुतेक स्त्रियांची तक्रार असते. वारंवार लघवीला उठावे लागणे, छातीत जळजळ, पाठ व कंबरदुखी, पायांत गोळे येणे, गर्भाची हालचाल आणि वाढलेल्या पोटामुळे कूस बदलताना होणारा त्रास ही तिची प्रमुख कारणे आहेत. यांपैकी काही कारणांवर अंथरुणाचा काहीच उपाय चालत नाही. कंबरदुखी, जळजळ, उकाडा आणि झोपण्याची स्थिती यांवर मात्र तो काही अंशी चालतो.

झोपण्याची स्थिती

या विषयातील सर्वांत भक्कम संशोधन गादीविषयी नसून स्थितीविषयी आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात स्त्री उताणी झोपली की गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगत असलेल्या अधोमहानीलेवर पडतो. शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी ही नीला दबल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. त्यातला काही भाग पर्यायी नीलांच्या मार्गाने हृदयाकडे पोहोचतो, त्यामुळे बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. काहींना मात्र चक्कर, मळमळ, घाम व रक्तदाब घसरणे असा त्रास होतो. कुशीवर वळताच तो थांबतो.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने झोपण्याची स्थिती व उशिराचा मृतजन्म यांच्यातील संबंधाकडे प्रथम ठळकपणे लक्ष वेधले. पुढे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व अमेरिका येथील पाच अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये विश्लेषण करण्यात आले. त्यात मृतजन्म झालेल्या ८५१ आणि गर्भ जिवंत असलेल्या २,२५७ स्त्रियांचा समावेश होता. २८ आठवड्यांनंतर उताणे झोपी जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृतजन्माची शक्यता, डाव्या कुशीवर झोपी जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे २.६ पट आढळली. उजव्या व डाव्या कुशीत फरक दिसला नाही. ‘डावी कूसच हवी’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला त्यामुळे गरजेपेक्षा कडक ठरतो. रात्रभर एकाच कुशीवर राहण्याच्या धास्तीनेही झोप बिघडते.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. असे अभ्यास निरीक्षणात्मक असून गर्भ गमावलेल्या स्त्रीने नंतर सांगितलेल्या आठवणीवर ते अवलंबून असतात. मृतजन्म ही मुळात विरळ घटना असल्याने प्रत्येक स्त्रीपुरता धोका कमीच राहतो. अमेरिकेतील आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या, स्थितीची नोंद आधीच घेणाऱ्या अभ्यासात ३० आठवड्यांपर्यंत झोपण्याच्या स्थितीचा अनिष्ट परिणामांशी संबंध आढळला नाही. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत याची चिंता करण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या २०२१ च्या प्रसूतिपूर्व काळजीविषयक मार्गदर्शक सूचनांत २८ आठवड्यांनंतर उताणे झोपी जाणे टाळावे, असे सुचवले आहे. महत्त्व झोपी जातानाच्या स्थितीला आहे, कारण रात्रीतील सर्वांत लांब काळ सहसा त्याच स्थितीत जातो. मध्येच जाग आल्यावर आपण उताणे आहोत असे आढळले, तर घाबरून न जाता कुशीवर वळणे पुरेसे असते.

उशा

कुशीवर झोपताना वरचा पाय पुढे घसरतो आणि कंबर पिळवटते. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवल्यास श्रोणी व कणा सरळ रेषेत राहतात. पोटाखाली लहान उशी दिल्यास पोटाचा ओढ कमी होतो आणि पाठीमागे लोड ठेवल्यास झोपेत उताणे होण्याची शक्यता घटते. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात पोटाला आधार देणाऱ्या खास आकाराच्या उशीची साध्या उशीशी तुलना करण्यात आली. त्यात खास उशीने पाठदुखी व निद्रानाश या दोन्हींत अधिक आराम मिळाल्याचे दिसले. मात्र अशा चाचण्या मोजक्या आहेत. बाजारात मिळणाऱ्या इंग्रजी सी किंवा यू अक्षराच्या आकारातील उशांविषयी जाहिरातीत केलेल्या दाव्यांना त्यांचा पुरेसा आधार मिळत नाही. घडी घातलेली गोधडी किंवा गुंडाळलेली चादरही तेच काम करते.

छातीतील जळजळीसाठी केवळ डोक्याखाली उशा रचल्यास मान वाकते व पोट दुमडते. त्यापेक्षा खांद्यांपासून उतार देणारा आधार किंवा पलंगाचा उशाकडील भाग उंच करणे उपयोगी पडते. डाव्या कुशीवर झोपल्याने जठरातील आम्ल वर येण्याचे प्रमाण कमी होते.

गादी

गरोदर स्त्रियांसाठी कोणती गादी उत्तम, यावर थेट संशोधन अत्यल्प आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्पेनमधील ३१३ प्रौढांवरील चाचणीत जुनाट कंबरदुखीसाठी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली. पण ती चाचणी गर्भवतींवर नव्हती. कुशीवर झोपताना शरीराचा भार खांदा व नितंब या अरुंद भागांवर येतो. चटई किंवा पातळ सतरंजीवर हे भाग दुखतात, तर फार मऊ गादीत नितंब रुतून कणा वाकतो आणि कूस बदलणे जड जाते. महाराष्ट्रातील घरांत अजूनही दिसणाऱ्या कापसाच्या गादीत काही वर्षांनी गाठी होतात. ती पिंजून घेतल्यास पुन्हा सपाट व लवचीक होते. सैल झालेली बाज झोळीसारखी मध्ये खचत असल्याने कुशीवर झोपण्यास गैरसोयीची असते. जमिनीवर झोपण्याने गर्भाला अपाय होत नाही. अडचण उठण्याची असते. आधी कुशीवर वळून, हातांचा आधार घेत बसते होणे कंबरेला सोपे जाते.

याच सवयीशी जोडलेली एक समजूत अशी, की उठून न बसता थेट कूस बदलल्यास बाळाच्या गळ्याभोवती नाळ गुंडाळली जाते. ती निराधार आहे. नाळेचे वेढे गर्भाच्या स्वतःच्या हालचालींमुळे पडतात. या भीतीने दर वेळी उठून बसणाऱ्या स्त्रीची झोप मात्र नक्कीच मोडते.

पांघरूण, उष्णता व मच्छरदाणी

गरोदरपणात चयापचय व त्वचेतील रक्तपुरवठा वाढल्याने उकाडा अधिक जाणवतो. फोमच्या गाद्या शरीराची उष्णता धरून ठेवतात; सुती चादर व अभ्रे घाम शोषतात. एका जाड रजईऐवजी दोन पातळ पांघरुणे घेतल्यास रात्री एक काढता येते. दम्याच्या रुग्णांसाठी अभ्रे गरम पाण्यात धुणे हितकारक असते, कारण धुळीतील सूक्ष्म कोळी गादी-उशांत वाढतात.

हिवतापग्रस्त भागांत अंथरुणाचा सर्वांत महत्त्वाचा घटक मच्छरदाणी हा आहे. गरोदरपणातील हिवतापाने रक्तक्षय, गर्भपात, मृतजन्म व कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना गर्भवतींसाठी कीटकनाशकयुक्त मच्छरदाणीची शिफारस करते. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात अशा मच्छरदाण्यांचे शासकीय वाटप झाले आहे. उकाड्यामुळे ती बाजूला सारली जाणे ही तिच्या वापरातली नेहमीची अडचण असते.